जुना फायर अलार्म: बदलायचा, की आहे तोच नीट करायचा?

वीस-पंचवीस वर्षं जुन्या उंच इमारतीत वॉचमनच्या केबिनमध्ये डोकावलं, तर भिंतीवर एक पत्र्याची पेटी दिसते. हा फायर अलार्मचा पॅनल. त्यावर हिरवा दिवा लागलेला असतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की यंत्रणा चालू आहे. हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच, की पॅनलला वीज मिळते आहे. बघायचा असतो तो शेजारचा पिवळा दिवा, ‘फॉल्ट’चा. तो बऱ्याच ठिकाणी महिनोन्‌महिने लागलेला असतो. त्याच्यासोबत पीं-पीं करणारा बझर कोणीतरी बटण दाबून गप्प केलेला असतो, नाहीतर त्याच्या भोकांवर चिकटपट्टी मारलेली असते.

मग एके दिवशी देखभालीच्या कंत्राटदाराचं कोटेशन येतं: ‘सिस्टीम जुनी झाली आहे, संपूर्ण बदलणे आवश्यक.’ आकडा लाखांत. कमिटीत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, जिवापेक्षा पैसा मोठा आहे का? दुसरा म्हणतो, इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार? दोघेही तावातावाने बोलतात, पण यंत्रणेतलं नेमकं काय चालतं आणि काय नाही, हे दोघांनीही पाहिलेलं नसतं. माझं म्हणणं सरळ आहे: आधी तपासणी, मग निदान, कोटेशन सगळ्यात शेवटी. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा चालतो.

अलार्म आग विझवत नाही. तो फक्त वेळ मिळवून देतो, आणि तोही आगीपेक्षा धुरापासून पळायला. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पहाटे तीनच्या सुमारास तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये आग लागली आणि धूर जिन्याने वर चढला. माणसं झोपेत होती. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. त्यात दहा बाळं दगावली आणि त्यातली बहुतेक धुराने गुदमरून. त्यामुळे अलार्मला विचारायचे प्रश्न चारच. धूर जिथे सुरू होईल तिथे तो हुंगायला कोणी आहे का? हुंगल्यावर झोपलेल्या माणसाला जाग येईल इतका आवाज होतो का? आग कुठे आहे ते खाली बसलेल्याला कळतं का? आणि उद्या त्यातला एखादा भाग बिघडला, तर तो बाजारात मिळतो का?

जुन्या इमारतींतले पॅनल बहुतेक ‘कन्व्हेन्शनल’ जातीचे असतात. इमारतीचे झोन पाडलेले असतात. कुठे एक मजला म्हणजे एक झोन, कुठे दोन मजले मिळून एक. प्रत्येक झोनसाठी पॅनलमधून दोन तारा निघतात, एकेका डिटेक्टरच्या बेसमधून पुढे जातात आणि शेवटच्या टोकाला एक छोटा रेझिस्टर लावलेला असतो. पॅनल या तारांतून सतत थोडासा प्रवाह सोडत असतो. तेवढाच प्रवाह वाहतो आहे म्हणजे सगळं ठीक. प्रवाह थांबला म्हणजे तार कुठेतरी तुटली: फॉल्ट. एखाद्या डिटेक्टरने धूर पकडला की तो जास्त प्रवाह ओढतो: आग. बस, एवढंच गणित. साधं असल्यामुळेच ते वर्षानुवर्षं टिकतं.

त्याची दुबळी बाजूही याच साधेपणात आहे. पॅनलवर ‘झोन ४’चा लाल दिवा लागतो. झोन चारमधल्या पंधरा डिटेक्टरपैकी कोणता, हे त्याला माहीत नसतं, वॉचमनला दारोदार फिरून शोधावं लागतं. शिवाय तार प्रत्येक बेसमधून पुढे जात असल्यामुळे रंगाऱ्याने काम करताना तिसरा डिटेक्टर फिरवून काढून ठेवला, तर चौथ्यापासून पुढचे सगळे आंधळे होतात. पॅनल प्रामाणिकपणे फॉल्ट दाखवतो, पण त्याचं तोंड आपण आधीच बंद केलेलं असतं.

नवी जात ‘ॲड्रेसेबल’. यात प्रत्येक डिटेक्टरला, आग दिसली की हाताने दाबायच्या प्रत्येक ‘काच फोडा’ डबीला स्वतःचा नंबर असतो. वर्गात बाई हजेरी घेतात तसा पॅनल एकेकाला नंबराने हाक मारत राहतो आणि प्रत्येकाकडून उत्तर घेतो. उत्तर आलं नाही, तर कोण गैरहजर आहे ते पडद्यावर नावानिशी येतं: ‘सातवा मजला, इलेक्ट्रिक डक्ट’ (डक्ट म्हणजे मजल्यामजल्यांतून वर जाणाऱ्या वायरींचा उभा मार्ग). तार पॅनलमधून निघून सगळीकडे फिरून पुन्हा पॅनलमध्येच येते, म्हणजे लूप होतो. तो मध्ये एका जागी तुटला, तरी दोन्ही बाजूंनी हजेरी चालू राहते. मध्येमध्ये आयसोलेटर बसवलेले असले, तर शॉर्ट झालेला तुकडा बाजूला पडतो आणि बाकीचं चालू राहतं. चांगले ॲड्रेसेबल डिटेक्टर स्वतःत किती धूळ साठली याचाही हिशेब ठेवतात आणि साफ करा म्हणून आधीच सांगतात. दोन-तीन विंगांच्या, वीस मजल्यांच्या इमारतीत हा फरक फार मोठा आहे. सात मजल्यांच्या, मजल्याला चार घरं असलेल्या इमारतीत तो तितका मोठा नाही. हे विक्रेता सांगणार नाही.

आता तपासणी. ‘टेस्टिंग झालं’ म्हणून जो कागद मिळतो, त्यात बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरची एक डबी दाबून हूटर वाजवून दाखवलेला असतो. याने फक्त ती डबी आणि तो हूटर तपासला जातो. खरी तपासणी म्हणजे दोन माणसं: एक पॅनलपाशी, दुसरा काठीच्या टोकाला कप आणि धुराचा स्प्रे घेऊन, दोघांकडे फोन. प्रत्येक डिटेक्टरखाली धूर सोडायचा, पॅनलवर काय आलं ते लिहायचं, रीसेट करायचं, पुढच्याकडे जायचं. अगरबत्ती किंवा पेटवलेला कागद लावून तपासू नये, काजळी आत बसते. एका मध्यम इमारतीला या सगळ्यात एक अख्खा दिवस जातो. तो दिवस कमिटीतल्या एकाने तरी सोबत काढावा, कारण छताकडे बघत फिरलं की ज्या गोष्टी दिसतात त्या कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाहीत. डिटेक्टरवर नारिंगी प्लास्टिकची टोपी तशीच असते, बसवल्या दिवसापासूनची. मागच्या रंगकामात ऑइल पेंटने जाळी बुजलेली असते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लॉबीला सुंदर पीओपीचं छत केलेलं असतं आणि जुना डिटेक्टर त्या छताच्या वर, अंधारात, कायमचा बंदिस्त असतो. खालून धूर त्याच्यापर्यंत पोचेल तेव्हा लॉबीत माणूस उभा राहू शकणार नाही.

हूटरचं तर वेगळंच. लॉबीत उभं राहून ऐकला की कान किटतात, म्हणून आपण खूश. पण लॉबीत कोणी झोपत नाही. हूटरपासून एका मीटरवर ९० डेसिबल आवाज असेल, तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की दर वेळी सहा डेसिबल कमी होतात, म्हणजे आठ मीटरवर ७२. मग मध्ये फ्लॅटचा मुख्य दरवाजा, त्यानंतर बेडरूमचा दरवाजा, प्रत्येक जण वीसेक डेसिबल खातो. उरला तिशीच्या घरातला आवाज, आणि बेडरूममध्ये एसी किंवा फुल स्पीडवरचा पंखा त्याहून जोरात चालू. झोपलेल्याला उठवायला उशीजवळ ७५ डेसिबल हवेत असं अलार्मच्या मानकांत धरतात. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं ॲप काटेकोर नसतं, पण एवढा मोठा फरक दाखवायला पुरतं. दुपारी दारं लावून, पंखा लावून एकदा हूटर वाजवून बघा. कितीतरी इमारतींत डिटेक्टर उत्तम, पॅनल उत्तम आणि आजी-आजोबांना काहीच ऐकू येत नाही, असं निघेल. तिथे नवा पॅनल आणून काय होणार? तिथे पैसे हूटरवर घालायचे.

हूटर वाढवले की बॅटरीचा हिशेब बदलतो, आणि हा हिशेब सहसा कोणी करत नाही. वीज गेल्यावर यंत्रणा साधारण २४ तास शांतपणे चालू राहावी आणि त्यानंतरही अर्धा तास हूटर वाजवता यावेत, असं धरून चालू. समजा पॅनल आणि डिटेक्टर मिळून ०.२ अँपिअर ओढतात. चोवीस तासांचे झाले ४.८ अँपिअर-तास. हूटर सगळे मिळून १ अँपिअर, अर्ध्या तासाचे ०.५. एकूण ५.३. बॅटरी जुनी होत जाते म्हणून वर पाव भाग जास्त धरला, की साधारण ६.६. म्हणजे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केले की काम भागतं. आता हूटर तिप्पट केले तर बेरीज ६.३ होते, पाव भाग धरून जवळजवळ ८, आणि त्या बॅटऱ्या अपुऱ्या पडतात. या सीलबंद बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षं टिकतात, उकाड्याच्या केबिनमध्ये त्याहून कमी. झाकण उघडून त्यावरची तारीख वाचा. फुगलेली बॅटरी दिसली, तर पॅनलचं वय विचारायची गरजच नाही. यंत्रणा मेलेली वाटते ती कित्येकदा फक्त बॅटरी मेलेली असते आणि हा दोन-चार हजारांच्या पातळीवरचा खर्च असतो.

खोट्या अलार्मबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण यंत्रणा बंद करून ठेवण्याचं पहिलं कारण तेच असतं. पावसाळ्यात महापालिकेची माणसं डासांसाठी धूर फवारून जातात आणि तळमजल्याचा झोन बोंबलतो. गणपतीत आरतीचा धूप, दिवाळीत जिन्यात लावलेला भुईनळा, कोणाच्या तरी फोडणीचा धूर उघड्या दारातून लॉबीत. डिटेक्टर आपलं काम करतो आहे, त्याची जागा चुकली आहे. स्वयंपाकघराच्या तोंडाशी किंवा गाड्यांच्या धुराच्या पार्किंगमध्ये धुराचा डिटेक्टर लावण्याऐवजी उष्णतेचा लावावा. खोट्या अलार्मचा दोन-तीन महिन्यांचा तक्ता मांडला, की चित्र स्पष्ट होतं. एकाच जागेवरून परत परत येत असेल, तर जागा किंवा डिटेक्टरची जात बदला. रोज वेगळ्या झोनमधून, विशेषतः पावसात, येत असेल, तर केबलच्या इन्सुलेशनमध्ये ओल शिरली आहे. आणि सगळीकडून, कारणाशिवाय येत असेल, तर डिटेक्टरच्या आतला कक्ष धुळीने भरला आहे. ते साफ होतात का ते बघा, नाहीतर सगळे हेड, म्हणजे बेसवर फिरवून बसवलेले डिटेक्टर, बदला. या तिन्ही दुखण्यांना औषध वेगवेगळं आहे, आणि ‘पॅनल बदला’ हे त्यातल्या एकाचंही औषध नाही.

एक जुनी जात वेगळी ओळखून ठेवा: आयोनायझेशन डिटेक्टर. त्यात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अगदी सूक्ष्म अंश असतो. छतावर असेपर्यंत त्याचा त्रास नाही, पण काढल्यावर भंगारवाल्याला द्यायचा नाही. मागच्या लेबलवर किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह दिसलं, तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे तो पुरवठादारामार्फत परत गेला पाहिजे. काम देतानाच हे लिहून घ्या. आजचे बहुतेक डिटेक्टर प्रकाशाच्या तत्त्वावर चालतात, आणि धुमसत राहणाऱ्या आगीचा, म्हणजे गादी, वायर, कचरा यांचा धूर त्यांना जास्त चांगला कळतो.

मग बदलायचा केव्हा? माझ्या दृष्टीने सगळ्यात ठोस कारण म्हणजे सुटे भाग. ॲड्रेसेबल यंत्रणेत पॅनल आणि डिटेक्टर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात, तिला प्रोटोकॉल म्हणतात, आणि पुष्कळ कंपन्यांची भाषा फक्त त्यांनाच येते. कंपनीने ते मॉडेल बंद केलं, की एक डिटेक्टर बिघडला तरी दुसऱ्या कंपनीचा चालत नाही. मग कंत्राटदार कुठल्यातरी पाडलेल्या इमारतीतून काढलेला जुना कार्ड आणून बसवतो. ही वेळ आली म्हणजे त्या पॅनलचे दिवस भरले. कंत्राटदाराला लेखी विचारा: या मॉडेलचे भाग अजून बनतात का, आणि किती वर्षं मिळतील? उत्तर तोंडीच मिळत राहिलं, तर समजून जा. गंमत अशी, की जुन्या कन्व्हेन्शनल पॅनलला हा रोग कमी लागतो. त्यात दुसऱ्या कंपनीचे डिटेक्टर बऱ्याचदा थोडं जुळवून चालतात.

दुसरं कारण म्हणजे इमारत बदलली, पण अलार्म तोच राहिला. २००० साली ज्या पार्किंगमध्ये चार स्कूटर होत्या, तिथे आज इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लागलेल्या आहेत. प्रत्येक बेडरूममध्ये एसी आला, आणि मीटर रूम व डक्टमधल्या वायरिंगवरचा भार कुठल्या कुठे गेला. तळमजल्यावर क्लिनिक, पहिल्यावर क्लासेस. तेव्हाच्या आराखड्यात डक्टमध्ये डिटेक्टरच नसेल, तर जुनी यंत्रणा कितीही ठणठणीत असली, तरी जिथे आग लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त तिथे ती हजर नाही. पैसे कमी असतील, तर मी पहिला डिटेक्टर मीटर रूममध्ये, दुसरा डक्टमध्ये आणि तिसरा लिफ्टच्या मशीन रूममध्ये लावीन. लॉबीचा नंबर त्यानंतर.

कोटेशनमधली मोठी रक्कम पॅनलची असते असा समज आहे. जुन्या इमारतीत ती बहुधा केबलची आणि भिंती-छत फोडून परत सारखं करण्याची असते. त्यामुळे जुनी केबल वापरता येते का, हा प्रश्न निर्णय फिरवू शकतो. त्यासाठी मेगर नावाच्या मीटरने इन्सुलेशन तपासतात, पण त्याआधी सगळे डिटेक्टर आणि पॅनल केबलपासून सोडवायला हवेत, नाहीतर मेगरच्या ५०० व्होल्टने आतले इलेक्ट्रॉनिक्स जळतात आणि नवा माल घेण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. (हे मुद्दाम केलं जातं असं मी म्हणत नाही.) केबल चांगली निघाली, तर तीच ठेवून पॅनल आणि हेड बदलता येतात. ॲड्रेसेबल करायचं, तर परतीची एक नवी तार ओढून लूप पूर्ण करावा लागतो. ती परतीची तार जाणाऱ्या तारेच्याच पाइपमधून आणली, तर लूपचा अर्थच गेला, कारण एकाच ठिकाणी जळून दोन्ही तुटतील.

भिंत फोडायचीच नसेल, म्हणजे जुना दगडी वाडा, फोर्टमधली वारसा इमारत किंवा नुकतंच नूतनीकरण झालेली लॉबी असेल, तर वायरलेस डिटेक्टर मिळतात. बसवायला सोपे, पण प्रत्येकात बॅटरी, आणि काही वर्षांनी त्या सगळ्या बदलायच्या. तो खर्च पहिल्या कोटेशनमध्ये दिसत नाही.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली आगीसंबंधीची यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची, म्हणजे सोसायटीत सोसायटीचीच. दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून ‘फॉर्म बी’, म्हणजे यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घेऊन तो सादर करायचा असतो, आणि यंत्रणा प्रत्यक्षात चालू नसताना असं प्रमाणपत्र देण्याला या कायद्यात मनाई आहे. ‘सही घेऊन टाकतो, साहेब’ म्हणणारा एजंट स्वस्त पडतो, पण उद्या काही झालं, तर तो कागदच सोसायटीच्या विरुद्ध बोलेल. फॉर्म बी यंत्रणा नवी असण्याची अट घालत नाही, चालू असण्याची घालते. मात्र वापर बदलला, मजले वाढवले किंवा अग्निशमन दलाची नोटीस आली, तर प्रश्न वेगळा होतो, आणि तेव्हा राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ चा चौथा भाग आणि डिटेक्टरबद्दलचं मानक आयएस २१८९ समोर ठेवूनच आराखडा करून घ्यावा.

मुंबई-पुण्यात एक प्रश्न हमखास येतो: बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, मग आता कशाला खर्च? जाणार म्हणजे केव्हा, हे खरं तर कोणालाच माहीत नसतं. तीन वर्षांत म्हणता म्हणता दहा होतात. बिल्डरशी करार सही होऊन घरं रिकामी करण्याची तारीख ठरली असेल, तर नवी ॲड्रेसेबल यंत्रणा बसवणं वेडेपणा आहे. बॅटऱ्या, हूटर आणि डक्टमधले डिटेक्टर एवढं करून थांबा. फक्त चर्चा चालू असेल, तर रिडेव्हलपमेंट होणारच नाही असं धरून निर्णय घ्या, पण जे विकत घ्याल ते काढून दुसरीकडे लावता येईल असं घ्या. पॅनल आणि हेड तसे नेता येतात, भिंतीतली केबल नाही.

पूर्ण बदल ठरलाच, तर टप्प्यांत करता येतो: एका वर्षी पॅनल, जिने, डक्ट आणि पार्किंग, पुढच्या वर्षी मजले. मोठी रक्कम म्हणून सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल. तिथे कोटेशनऐवजी तपासणीचा तक्ता वाचून दाखवला, तर विरोध बराच मावळतो. ‘बासष्टपैकी एकोणीस डिटेक्टर बोलले नाहीत, त्यातले चार तुमच्या मजल्यावरचे’ असं काही कानावर पडलं, की माणूस सरळ बसतो. जुना पॅनल नवा चालू होईपर्यंत काढू देऊ नका. कामाच्या दिवसांत ज्या मजल्याचा अलार्म बंद असेल, तिथे रात्री वॉचमनने फेरी मारायची, हे आधीच ठरवा.

आणि शेवटचा हप्ता देण्याआधी तीन गोष्टी हातात घ्या. प्रत्यक्षात केबल कुठून गेली त्याचा नकाशा. प्रत्येक नंबराला कोणतं ठिकाण आणि कोणता अलार्म वाजल्यावर काय काय घडतं याची यादी: लिफ्ट खाली येते का, जिन्याचा पंखा सुरू होतो का. आणि पॅनलचा पासवर्ड, प्रोग्रॅमच्या फाइलसकट. पासवर्ड कंत्राटदाराकडेच राहिला, तर पुढची पंधरा वर्षं देखभालीचा करार कोणाशी करायचा, हे तोच ठरवणार.